भूगोलाच्या बाईंना विचारा : एका माणसाचं गाव आणि कुलूप लावलेली घरं

गेल्या अंकात एका विद्यार्थ्याला उत्तर देताना मी लिहिलं होतं, की फ्रान्समध्ये कारभाराच्या सर्वांत लहान घटकाला कम्यून म्हणतात आणि शंभर माणसांच्या गावालाही तिथे स्वतःचा मेअर असतो. त्या दोन ओळींवर विजयदुर्ग, देवगड, वेंगुर्ल्याकडून पत्रं आली, गुहागरच्या एका चाकरमान्याचंही आलं. आमच्या राजापूर तालुक्यात फ्रान्सचं नाव जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पामुळे घरोघरी पोचलं, पण तिथलं साधं खेडं कसं असतं हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. आता विचारलंय, तर या महिन्याचं सगळं सदर त्यालाच देते.

प्रश्न : बाई, नमस्कार. माझी मुलगी शिकायला फ्रान्समध्ये ग्रनोबलला आहे. ती सांगते, की तिकडच्या द्रोम जिल्ह्यात एक गाव आहे, तिथे सरकारी नोंदीप्रमाणे एकच माणूस राहतो. तरी ते गाव आहे, त्याला मेअरही आहे. हे खरं असेल तर त्या गावाचा कारभार चालतो तरी कसा?
— एक वाचक, विजयदुर्ग

उत्तर : मुलगी सांगते ते खरं आहे. गावाचं नाव रोशफुर्शा. फ्रान्सच्या आग्नेय भागात ऱ्होन नदीच्या पूर्वेला आल्प्सच्या पायथ्याचे चुनखडीचे कोरडे डोंगर आहेत, त्यांत हे गाव येतं. जिल्ह्याला द्रोम हे नाव तिथल्या नदीवरून पडलंय. गावाचं क्षेत्रफळ बारा चौरस किलोमीटरांहून जास्त आहे, आणि जनगणनेत कित्येक वर्षं लोकसंख्येच्या रकान्यात 1 लिहिलेला आहे.

एक माणूस असला तरी गाव का मोडत नाहीत, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वर्षी, 14 डिसेंबर 1789 च्या कायद्यानं, प्रत्येक वस्तीला आपली नगरसभा मिळाली. त्याआधी चर्चचे परगणे होते, बहुतेक ठिकाणी त्यांच्याच हद्दी कम्यूनच्या हद्दी झाल्या. 1792 पासून जन्म, लग्न आणि मृत्यूची नोंद चर्चकडून काढून याच गावांच्या दप्तरात आली. म्हणजे कम्यून हे माणसाच्या जन्माचं आणि मरणाचं सरकारी ठिकाण झालं, आणि ते तसंच राहिलं. आज फ्रान्समध्ये अशी सुमारे 35 हजार कम्यून आहेत. त्यांतल्या निम्म्याहून जास्त गावांत पाचशेही माणसं नाहीत. आपल्या महाराष्ट्रात ग्रामपंचायती सुमारे 28 हजार. फ्रान्सची एकूण लोकसंख्या महाराष्ट्राच्या जवळपास निम्मी आहे, हे लक्षात घेतलं की हा कारभार केवढा बारीक विणलेला आहे ते कळतं.

शंभराच्या आत वस्ती असलेल्या कम्यूनला कायद्यानं 7 सदस्य, शंभर ते पाचशेच्या आत 11. (आपल्याकडे ग्रामपंचायतीत लोकसंख्येनुसार 7 ते 17.) मेअरला लोक थेट निवडत नाहीत, सदस्य आपल्यातून निवडतात. मग एका माणसाच्या गावात सात सदस्य येतात कुठून? ज्यांचं गावात घर आहे, जमीन आहे, पण एरवी जे दुसरीकडे राहतात, त्यांच्यातून. तो कायदा मजेशीर नाही, फार विचारानं केलेला आहे. त्याबद्दल खाली गुहागरकरांच्या प्रश्नात सविस्तर लिहिलंय.

राहिलं पाणी, कचरा वगैरे. ते सगळं एकट्या गावाला करावं लागत नाही. चार बेटं सोडली तर प्रत्येक कम्यूनला शेजारच्या गावांच्या एका सामाईक संघात असावंच लागतं, आणि अशी बरीच जड कामं तो संघ करतो. गाव लहान राहतं, काम एकत्र होतं. आपल्या गट ग्रामपंचायतीत नेमकं उलटं होतं. दोनतीन गावांची ग्रामपंचायत एक करतो, आणि त्यांतल्या सर्वांत लहान गावाचं नाव पाटीवरून जातं. मला हे नेहमी खटकत आलंय. फ्रान्समध्येही 2010 च्या कायद्यानंतर गावं जोडायला सुरुवात झाली. तेव्हा 36 हजारांहून जास्त असलेली कम्यून आता 35 हजारांच्या आत आली. पण तिथे विलीन झालेल्या जुन्या गावाला हवं असेल तर आपलं नाव आणि आपला एक प्रतिनिधी-मेअर ठेवता येतो.

प्रश्न : मी डी.एड. करते. फ्रेंच गावांची माहिती वाचली तर क्षेत्रफळ, किमान उंची, कमाल उंची, नदी, शेजारची गावं आणि शे-दोनशे वर्षांची लोकसंख्या एवढंच असतं. एवढ्या कोरड्या आकड्यांवरून मुलांच्या डोळ्यांपुढे गाव कसं उभं करायचं?
— विद्यार्थिनी, देवगड

उत्तर : हे आकडे कोरडे नाहीत. फक्त ते क्रमानं वाचायचे असतात, आणि पहिल्यांदा आपल्या गावाचे लिहून काढायचे असतात.

तुम्ही देवगडच्या. तुमच्याकडच्या खाडीकाठच्या कुठल्याही गावाची किमान उंची शून्य. कमाल उंची म्हणजे वरचा सडा. या दोन आकड्यांच्या मधे सगळं गाव आहे : खाली माड आणि मळा, मधल्या उतारावर घरं आणि कलमं, वर उघडा जांभा. तसंच फ्रेंच गावाचं. किमान उंची आणि कमाल उंची यांत वीस मीटरचा फरक असेल, तर समजायचं हे सपाट गव्हाचं रान आहे. पाचशे-सातशे मीटरचा फरक असेल, तर खाली ओढा, उतारावर शेतं आणि वर गायरान किंवा जंगल. आपल्या मुलांना हा खेळ फार आवडतो. दोन आकडे द्या आणि गावाचा आडवा छेद काढायला सांगा.

मग क्षेत्रफळ. तिथली सरासरी सुमारे 15 चौरस किलोमीटर, पण टोकं फार लांब आहेत. दक्षिणेतल्या आर्लचं क्षेत्रफळ साडेसातशे चौरस किलोमीटरांहून जास्त, तर नैर्ऋत्येकडचं कास्तेलमोरों-दालब्रे हे सबंध कम्यून चार हेक्टरांच्याही आत. दहा एकरांच्या हापूसच्या बागेत मावेल एवढं. लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की फ्रान्समध्ये कम्यूनच्या बाहेर जमीनच नाही. शेत, रान, डोंगराचा कडा, सगळं कुठल्या ना कुठल्या गावाच्या हद्दीत येतं. नेपोलियनच्या काळात, 1807 च्या कायद्यानं, या प्रत्येक हद्दीतल्या जमिनीचा तुकड्यातुकड्यानं नकाशा काढायला घेतला. म्हणून तिथल्या छोट्या गावाचाही जुना जमिनीचा नकाशा सापडतो.

आता घरं कुठे आहेत ते बघा, कारण माझ्या मते भूगोलाची खरी गंमत तिथे आहे. फ्रान्समध्ये गावांच्या ठेवणीचे ढोबळ मानानं दोन प्रकार आहेत. ईशान्येला लोरेन, शांपान्य या भागांत घरं एकमेकांना चिकटून, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओळीनं; आणि गावाबाहेर पडलं की कुंपण नसलेली मोकळी शेतं. आपलं घाटावरचं गाव आठवा : गावठाण एका जागी, शिवार भोवती. पश्चिमेला ब्रिटनी, नॉर्मंडीच्या काही भागांत आणि मध्य फ्रान्सच्या डोंगराळ भागात मात्र कम्यून म्हणजे विखुरलेल्या वाड्या. चर्च, मेअरचं कार्यालय आणि शाळा असलेली एक मुख्य वस्ती, आणि इकडे चार घरं, तिकडे सहा घरं. मधे बांधावर झाडं लावलेली लहान लहान कुंपणाची शेतं. तिथल्या शेतकऱ्याला तुमची भंडारवाडी, गुरववाडी, मधली वाडी, सड्यावरची वाडी समजावून सांगावी लागणार नाही.

असा फरक का? एक जुनं स्पष्टीकरण पाण्याचं आहे. चुन्याच्या, पाणी पिऊन टाकणाऱ्या खडकावर विहीर खोल जाते, म्हणून माणसं एका विहिरीभोवती गोळा होतात. ग्रॅनाइटसारख्या खडकाच्या प्रदेशात जागोजाग झरे फुटतात, म्हणून घर कुठेही बांधता येतं. नंतरच्या अभ्यासकांनी हे स्पष्टीकरण अपुरं ठरवलं. जमिनीची मालकी, शेती सामाईक की खाजगी, जंगल कधी तोडलं, यांचाही हात त्यात आहे. तरीही पाण्यापासून सुरुवात करायला हरकत नाही. आपल्याकडे पावसाचं पाणी जांभ्यातून मुरून सड्याच्या कडेला उतारावर फुटतं. तुमच्या तालुक्याच्या नकाशावर झरे आणि पऱ्ये आधी काढून मग वाड्या टाकून बघा, बऱ्याच वाड्या त्या रेषेवर येतील.

शेवटी लोकसंख्येची उतरंड. फ्रान्समध्ये 1801 पासून जनगणना आहे, त्यामुळे गावाची दोनशे वर्षांची चढ-उतार एका ओळीत दिसते. डोंगराळ गावांत ही ओळ बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सर्वांत वर असते आणि मग उतरत जाते. द्रोमच्या पट्ट्यात तर संकटं लागोपाठ आली. रेशीम हा तिथला घरचा जोडधंदा होता, 1850 च्या दशकात रेशीमकिड्यांवर रोग पडला. मग 1860 नंतर द्राक्षवेलींची मुळं खाणाऱ्या फिलॉक्सेरा किडीनं मळे उद्ध्वस्त केले. चराई आणि तोडीनं डोंगर धुपून गेले होते, सरकारनं 1860 आणि 1882 च्या कायद्यांनी ते उतार हाती घेऊन पाइन वृक्ष लावले. त्यात गुरं चारायची जागा आणखी गेली. माणसं शहरांकडे निघाली. 1914 ते 1918 च्या महायुद्धात फ्रान्सचे सुमारे 14 लाख सैनिक मारले गेले, त्यांतले बरेच शेतकऱ्यांचे मुलगे. आज जवळजवळ प्रत्येक फ्रेंच गावात त्या युद्धातल्या मृतांच्या नावांचा स्तंभ आहे. लहान गावात स्तंभावरच्या नावांची संख्या आणि त्या काळातली लोकसंख्या शेजारी मांडली, तर पुढची घसरण वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आणि वर्षं ताडून बघा. द्रोममध्ये रेशीम बुडत होतं त्याच दशकात, 1854 साली, मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली. त्यांचा माणूस लियों-मार्से या शहरांकडे निघाला, आपला बोटीनं भाऊच्या धक्क्याकडे.

प्रश्न : बाई, मी मूळचा गुहागर तालुक्यातला, नोकरी डोंबिवलीला. गावी घर आहे, घरपट्टी भरतो, गणपतीला आणि शिमग्याला येतो. माझी मोजणी कुठे होते? फ्रान्समध्ये आमच्यासारख्यांना गावात मोजतात का, आणि मत देता येतं का?
— एक चाकरमानी

उत्तर : तुमची मोजणी डोंबिवलीत होते. फ्रान्समध्येही ती डोंबिवलीतच झाली असती. माणूस जिथे एरवी राहतो तिथे मोजायचा, हे तत्त्व दोन्हीकडे सारखंच. वेळही जवळपास सारखी : आपली 2011 ची गणना फेब्रुवारीत झाली आणि 1 मार्च या तारखेशी जुळवली, तिकडची जानेवारी-फेब्रुवारीत होते. उन्हाळ्यात उघडणारी त्यांची घरं तेव्हा बंद, आणि गणपतीला उघडणारी आपलीही.

फरक पुढे आहे. पहिला फरक, ते किती वेळा मोजतात. 2004 पासून दहा हजारांच्या आतल्या प्रत्येक कम्यूनची दर पाच वर्षांनी घरोघर पूर्ण मोजणी होते, दर वर्षी एक पंचमांश गावं. इन्से ही तिथली राष्ट्रीय सांख्यिकी संस्था मधल्या वर्षांचा हिशेब बसवून दर वर्षी प्रत्येक गावाचा कायदेशीर आकडा जाहीर करते. तो तीन वर्षं मागचा असतो : 1 जानेवारी 2024 ला लागू झालेला आकडा 2021 चा. आपण मात्र 2011 च्या आकड्यांवर इतकी वर्षं काढली. रत्नागिरी जिल्हा 2001 मध्ये 16,96,777 होता, 2011 मध्ये 16,15,069 झाला. सिंधुदुर्ग 8,68,825 वरून 8,49,651 वर आला. सगळा महाराष्ट्र वाढत असताना आपले हे दोन जिल्हे घटले. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1,122 स्त्रिया, म्हणजे बाहेर कोण गेलं ते त्या एका आकड्यात आहे. त्यानंतर काय झालं हे वाडीतल्या प्रत्येकाला दिसतं, पण कागदावर नाही. पुढच्या गणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे.

दुसरा फरक, ते घरंही गावागावानं वेगळी सांगतात : राहती घरं, सुट्टीची घरं आणि रिकामी घरं. देशभर साधारण दहातलं एक घर सुट्टीचं असतं, डोंगरातल्या आणि किनाऱ्यावरच्या गावांत त्याहून पुष्कळ जास्त. शाळेत असताना मी नववीच्या मुलांकडून आपापल्या वाडीचा नकाशा काढून घ्यायची. मुलं आपणहून कुलुपांचे तीन रंग करायची : गणपतीला उघडणारं घर, मे महिन्यात उघडणारं घर आणि कधीच न उघडणारं घर. कुठल्या घराची किल्ली कोणत्या काकींकडे असते, कोणाचा गडगा पडलाय आणि कोण येऊन बांधणार, कुठल्या पडवीत लाकडं कोणी ठेवलीत, सगळं त्यांना पाठ. नववीतल्या मुलांना जे दिसतं ते गावाच्या सरकारी माहितीत हवं, असं मी तेव्हापासून म्हणत आलेय. आपल्या घरयादीत रिकामं घर आणि वापरातलं पण कुलूपबंद घर असा भेद करतात. तो आकडा गावानिहाय मागून घ्या, ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा.

त्यातून पैशाचा प्रश्न येतो. फ्रान्समध्ये राज्याकडून गावाला जे मुख्य अनुदान मिळतं, त्याच्या हिशेबात प्रत्येक सुट्टीचं घर एक रहिवासी म्हणून धरतात. मला हे अगदी न्याय्य वाटतं. कारण रस्ता, नळ, दिवे आणि कचरा हे सगळं गावाला सर्वांत गर्दीच्या आठवड्यासाठी उभं करावं लागतं. आपल्याकडे पंधराव्या वित्त आयोगानं स्थानिक संस्थांचं अनुदान राज्यांत वाटताना लोकसंख्येला 90 टक्के आणि क्षेत्रफळाला 10 टक्के वजन दिलं, लोकसंख्याही 2011 ची. त्या हिशेबात कुलूप कुठेच नाही. गौरी-गणपतीत आमच्या वाडीची नळयोजना पुरत नाही तेव्हा बायकांना विहिरीवर जावं लागतं. तो त्रास कागदावर आणायचा तर घरं मोजावी लागतील.

आता मताचं. फ्रान्समध्ये माणसाला मतदार म्हणून एकाच जागी नाव ठेवता येतं, पण ती जागा राहतं गावच असली पाहिजे असं नाही. ज्या गावात तुम्ही किमान दोन वर्षं स्थानिक कर भरता, तिथे नाव नोंदवता येतं, सदस्य म्हणून उभंही राहता येतं. मात्र गावाबाहेर राहणाऱ्या सदस्यांच्या संख्येला मर्यादा आहे : पाचशेहून मोठ्या गावात जास्तीत जास्त एक चतुर्थांश. त्याहून लहान गावांत ती सैल केलीय. आपल्याकडे 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्पष्ट आहे, की केवळ घर मालकीचं आहे म्हणून कुणी तिथला सामान्य रहिवासी ठरत नाही, आणि ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच होते. तेव्हा तुमचं मत डोंबिवलीत.

फ्रान्सचा नियम जसाच्या तसा आणावा असं मी म्हणणार नाही. किनाऱ्यावर आता बाहेरचे लोक जमिनी घेऊन बंगले बांधतायत, घरपट्टी तेही भरतील, आणि उद्या वाडीत बारा महिने राहणाऱ्या म्हाताऱ्यांपेक्षा त्यांची मतं जास्त होतील. पण तुमच्यासारख्या माणसाला ग्रामसभेत बोलायला मिळावं, निदान पाणी आणि स्मशानभूमीच्या विषयात, असं मला मनापासून वाटतं. सभेची तारीख गणपतीच्या आठवड्यात ठेवली तर ते आजही जमेल.

प्रश्न : एकाच फ्रेंच गावाची लोकसंख्या एका ठिकाणी 212 आणि दुसऱ्या ठिकाणी 218 दिसते. चूक कुठली?
— वाचक, वेंगुर्ला

उत्तर : दोन्ही बरोबर असू शकतात. पहिला आकडा गावात राहणाऱ्यांचा. दुसऱ्यात आणखी काही जण मिळवलेले असतात, जे दुसरीकडे राहतात पण ज्यांचं गावाशी नातं धरलं जातं, उदाहरणार्थ शिकायला बाहेर असलेली पंचविशीच्या आतली मुलं. गावागावांची तुलना करताना पहिला आकडा घ्या. दुसऱ्यांची बेरीज केली तर काही माणसं दोनदा मोजली जातात.

जाता जाता घनताही बघा. 212 माणसं आणि 15 चौरस किलोमीटर म्हणजे चौरस किलोमीटरला चौदा. रत्नागिरी जिल्ह्याची 2011 ची घनता 197. आपण ज्याला ओस पडलेलं कोकण म्हणतो ते तिथल्या डोंगराळ गावांच्या मानानं गजबजलेलं आहे. म्हणून नुसती घनता सांगून आपल्या वाड्यांची गोष्ट कळत नाही, कोण राहिलं आणि कोणत्या वयाचं राहिलं ते सांगावं लागतं.

प्रश्न : शून्य लोकसंख्येचं गाव असतं का?
— आठवीचा विद्यार्थी, विजयदुर्ग

उत्तर : असतं. 1916 साली फ्रान्सच्या ईशान्येला व्हर्दंची लढाई झाली, महिनोनमहिने तोफगोळ्यांचा मारा झाला. काही गावांची जमीन स्फोटकांनी आणि विषारी पदार्थांनी इतकी भरली, की तिथे पुन्हा घरं बांधू दिली नाहीत. त्यांतल्या सहा गावांत आजही कुणी राहत नाही. फ्लरी, बझोंव्हो ही त्यांतली दोन नावं. पण सरकारनं ती 'फ्रान्ससाठी मृत' म्हणून नोंदवली आणि कम्यून म्हणून कायम ठेवली. मतदार नाहीत, म्हणून तिथला मेअर जिल्ह्याचा प्रमुख अधिकारी नेमतो. स्मारकाची आणि जागेची देखभाल, आणि मृतांची आठवण, हे त्याचं काम.

तू दुसरंही विचारलं आहेस, की एवढ्या 35 हजार गावांत सारख्या नावांचा घोळ होत नाही का. होऊ नये म्हणून प्रत्येक कम्यूनला इन्सेचा पाच खुणांचा क्रमांक असतो. पहिल्या दोन खुणा जिल्ह्याच्या. जिल्ह्यांना हे क्रमांक वर्णक्रमानं दिलेत, त्यात द्रोमचा 26. आपल्या 2011 च्या जनगणनेतही प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक आहे. तुझ्या गावाचा शोधून पाठव. आणि त्याबरोबर तुझ्या वाडीचा नकाशा, कुलुपांच्या रंगांसह.